नात एक, पुस्तकं चार

हायमनाना जितेकरांनी दोन वर्षांत गणिताची चार पुस्तकं बदलली. नात मात्र एकच होती, आठ वर्षांची, आणि तिला पहिल्या पुस्तकातलंच सगळं येत होतं. मी तेव्हा रोह्याच्या शाळेत चौथीच्या वर्गावर होते. एकोणीस वर्षं चौथीच. एवढ्या काळात फळे बदलले, हेडमास्तर पाच बदलले, पण सरकारने बदलल्याशिवाय मी कधी पुस्तक बदललं नाही. त्यामुळे शेजारच्या पडवीत चाललेला हा प्रकार मला रोज सकाळी चहाबरोबर गिळावा लागे.

आम्ही अष्टमीत राहायचो. मधे कुंडलिकेचा पूल, पलीकडे रोहा. नानांची पडवी आमच्या पडवीला लागून, मधे एक कुडाचं कुंपण. ते सरळ नव्हतं, आणि कुठे किती बोटं आमच्याकडे झुकलंय हे नानांनी मला राहायला आल्याच्या दिवशी सांगितलं होतं. नाना सरकारी मोजणीदार. चाळीस वर्षं पेण आणि रोहा तालुक्यांतल्या जमिनी मोजल्या, बांधावरची भांडणं मिटवली, थोडीफार लावलीही असतील. रिटायर झाले, पण मोजायचे थांबले नाहीत.

पुलावरून बाजारात जाताना ते पावलं मोजत. वाटेत कुणी "नाना, कुठं?" म्हटलं तर हात वर करून त्याला थोपवत. एखादा फारच चिकट निघाला आणि आकडा चुकला, तर नाना पुलाच्या टोकाला परत जाऊन पहिल्यापासून सुरू करत. पाव आणायला गेलेला माणूस दीड तासाने का येतो, हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. शेवटी विचारलं की पूल काय रोज वाढतो का. तर म्हणाले, "पूल नाय वाढत, बाई. पाऊल आखडतंय का ते बघतोय."

"जाग्यावर जाऊन बघू" हे त्यांचं पालुपद. कुणाचं काहीही ऐकलं की पुढचं वाक्य हेच. आमचा माळा गळतो असं मी एकदा सहज बोलले, तर पाच मिनिटांत शिडी आणि टेप घेऊन हजर. गळती राहिली बाजूला, माळ्याची लांबी-रुंदी मात्र मला आजही पाठ आहे.

नाना बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. मूळ गाव जिते, पेणच्या पुढचं स्टेशन. एके काळी आमच्या आळीत त्यांची बरीच घरं होती. एकेक करून सगळे इस्रायलला गेले. शुक्रवारी संध्याकाळी ज्या खिडक्यांत दिवे दिसायचे तिथे आता कंपनीतले भाडेकरू आले होते. नानांची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. प्रार्थनालयाची किल्ली त्यांच्याकडे असायची. मुलगी रेचल आणि जावई त्यांनाही चला म्हणून मागे लागले, तेव्हा नानांनी एवढंच विचारलं, की ही किल्ली कुणाकडं देऊ. कुणाचंही नाव सुचेना, तेव्हा ते राहिले आणि मुलगी-जावई गेले.

जाताना त्यांनी एस्तेरला नानांकडे ठेवलं. तिकडे घर मिळेपर्यंत पोरीची आबाळ नको म्हणून. ठाण्याहून तिसरीतून काढून आणलेली, दोन वेण्या घातलेली, पुढचा एक दात पडलेली पोर. मी दुसऱ्याच दिवशी शाळेचा फॉर्म घेऊन गेले. नाना म्हणाले, तीन महिन्यांचा तर प्रश्न, त्यासाठी नाव घालायचं आणि परत दाखला काढायचा, हे हेलपाटे कशाला? मी घरीच शिकवतो.

घर चार महिन्यांत मिळालं. तसं पत्र आलं. नानांनी उलट टपाली कळवलं की, तिकडची भाषा पोरीला येणार नाही, निदान आकडे पक्के पाहिजेत, नाहीतर एक यत्ता खाली बसवतील. चौथीचं गणित पुरं करतो आणि पाठवतो. रेचलला ते पटलं. खरं सांगायचं तर मलाही पटलं, आणि चौथीचं पुस्तक मीच आणून दिलं. तेव्हा ठरलं ते इतकं साधं होतं: पुस्तक संपलं की पोर आईकडे.

शिकवणी सकाळी सात ते नऊ, पडवीत. शनिवार त्यांच्या धर्मात विश्रांतीचा, त्या दिवशी नाना पेन्सिल धरू देत नसत, म्हणून शनिवारी तोंडी पाढे. मी इकडे पोळ्या लाटत कान देऊन ऐकायची. शिकवायचे छान, उगाच कशाला नाकारा. हातचा कुठून आला आणि कुठे गेला हे ते बांधावरच्या माणसाला सांगावं तसं शांतपणे सांगत. पोरीला ओरडत नसत. मी वर्गात दिवसातून दहादा ओरडायची, त्यामुळे मला त्याचाही थोडा रागच येई.

फेब्रुवारीच्या सुमारास पुस्तक संपत आलं. तीन धडे राहिले. पहिला परिमितीचा. एका शेताची लांबी चाळीस मीटर, रुंदी पंचवीस मीटर, तर कुंपणाला तार किती लागेल. दुसऱ्या दिवशी नाना पुस्तक हातात घेऊन कुंपणापाशी उभे.

"बाई, हे शेत कुठलं?"

म्हटलं, पुस्तकातलं.

"गट नंबर काय?"

पुस्तकातल्या शेताला गट नंबर नसतो, असं मी सांगितलं. माझ्या हाताला कणीक होती आणि शाळेला उशीर होत होता. नाना म्हणाले, चाळीस वर्षांत चारी बाजू सरळ असलेलं शेत आपण उभ्या जिल्ह्यात पाहिलेलं नाही. पोरीला खोटं शिकवायचं नाही. जाग्यावर जाऊन बघू.

पुस्तक मी आणलेलं म्हणून रविवारच्या गाडीने मलाही नेलं. जिते स्टेशनावर उतरलो. नानांच्या खांद्यावर त्यांची जुनी तेहतीस फुटी लोखंडी साखळी. त्यांच्या घराण्याची जमीन कधीच गेलेली, पण शेतं माहितीची. भात कापून झालेलं, जमीन वाळून भेगाळलेली. साखळीचं एक टोक एस्तेरने, म्हणजे आमच्या एस्तूने धरलं, दुसरं मी. नव्या साडीत. नाना मधे वहीत लिहीत होते. त्या एका शेताला अकरा बाजू निघाल्या.

पाचव्या बाजूला गावात बातमी गेली होती, की मोजणी आली. सातव्या बाजूला दोन चुलतभाऊ सातबाराचे उतारे घेऊन दोन दिशांनी धावत आले. त्यांचा म्हणे बांधावरच्या फणसावरून जुना वाद होता. एकाची बायको मलाच मोठी साहेबीण समजली आणि पदर सारखा करून म्हणाली, "बाईसाहेब, आमचा फणस तेवढा आमच्यात धरा." नाना सगळ्यांना सांगत होते की ही मोजणी नाही, हे चौथीचं गणित आहे.

"चौथीचं असूं दे नायतर वकिलीचं," मोठा भाऊ म्हणाला, "फणस आमचा हाय."

एस्तू साखळी खाली ठेवून फणसाशी गेली, बुंध्याला पाठ लावून उभी राहिली, इकडे पाऊल तिकडे पाऊल टाकून पाहिलं आणि म्हणाली, झाड बांधाच्या बरोबर मधे आहे, दोघांनी निम्मे निम्मे फणस घ्या. दोघे भाऊ नानांकडे बघायला लागले. नानांनी मान हलवली. ते ऐकलं त्यांनी. सरकारी माणसाचं इतक्या वर्षांत ऐकलं नव्हतं म्हणतात. दोन्ही घरी चहा झाला, आणि दोघांनीही आग्रह करून एकेक कोवळा फणस दिला. ते दोन्ही फणस रोह्यापर्यंत मी मांडीवर घेऊन आले.

मला वाटलं परिमिती झाली, आता दोन धडे. दुसऱ्या दिवशी कळलं की पुस्तकच बाद झालं. ज्या पुस्तकात शेत खोटं, त्यातलं बाकीचं खरं कशावरून, असं नानांचं म्हणणं.

दुसरं पुस्तक पेणहून आलं. नानांच्या जुन्या कचेरीतले एक कारकून पेणला गणपतीच्या कारखान्याच्या माडीवर राहायचे. त्यांच्या पेटीतून नानांनी आपल्या लहानपणचं अंकगणित मिळवलं. पानं पिवळी, कडा झडलेल्या. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, असे सगळे अपूर्णांकांचे पाढे. मी हसले. पण एस्तूने ते असं काही उचललं की मी हसायचं थांबवलं. कारखान्यात खाली रंग न दिलेल्या गणपतींच्या रांगा लागलेल्या असत. पुढच्या खेपेला ती त्या रांगा अडीचकीने मोजून आली. दिडकी तर ती वेणी घालताना म्हणायची. पुढे आणे-पैंची गणितं आली, गुंठ्यांची आली. पावसाळा सरला तेव्हा औटकी म्हणजे साडेतीनचे पाढे आणि त्यापुढचे दोन धडे राहिले होते. मी मनात म्हटलं, चला, झालं एकदाचं.

तर नानांना अचानक शोध लागला की आणे आता चालत नाहीत.

मी म्हटलं, "नाना, आणे बंद होऊन एस्तूच्या आईचं वय झालं. तुम्हाला आज कळलं?"

"चालीत असताना कळत नाय, बाई," असं काहीतरी पुटपुटून ते आत गेले.

तिसरं पुस्तक इंग्रजी. कंपनीच्या कॉलनीतल्या एका साहेबांच्या बायकोने मुलाचं जुनं दिलं. गुळगुळीत कागद, रंगीत चित्रं. त्यात एक गोरा मुलगा पानोपानी सफरचंदं वाटत सुटलेला. एवढी सफरचंदं एका पोराला कुठून मिळाली, आणि वाटायचीच होती तर विकत का घेतली, हा प्रश्न नानांनी मला दोनदा विचारला. पण चालवून घेतलं. पुस्तक भराभर पुढे गेलं. मार्चमध्ये लांबी मोजण्याचा धडा आला. पानावर पंधरा सेंटिमीटरच्या पट्टीचं चित्र होतं. नानांनी त्यावर आपली स्टीलची पट्टी ठेवली. चित्रातली पट्टी आठ मिलिमीटर कमी भरली.

त्या दिवशी ते जेवले नाहीत म्हणे. "जो पट्टीच खोटी छापतो," मला म्हणाले, "त्याचं उत्तर काय मोजायचं?" छपाईत चित्र लहान झालं असेल, असं मी समजावलं. तर म्हणाले, चाळीस वर्षांत आठ मिलिमीटरची चूक आपण कुणाची चालू दिली नाही. एकदा वरच्या साहेबाने एका बड्या माणसाची हद्द हातभर सरकवायला सांगितली होती. नानांनी सही केली नाही, तर त्यांची बदली डोंगरात झाली. ती गोष्ट मला बाजारात दोघातिघांनी वेगवेगळी सांगितलेली होती, म्हणजे खरीच असणार.

मी तोवर नानांना एक वेडा म्हातारा म्हणून सोडून दिलं होतं. शाळेत त्यांचे किस्से सांगून हशाही घेत होते. त्यात पोरीचं नुकसान होतंय, आई तिकडे वाट बघतेय, हे मात्र मला सलायचं. मी माझ्या स्वभावाप्रमाणे ते नानांना तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, घाईत केलेली मोजणी परत करावी लागते.

शेवटी रेचलचाच धीर सुटला. तिने तिकडचंच पुस्तक पार्सलने धाडलं. सोबत चिठ्ठी: हे पुस्तक एस्तूच्या पुढच्या शाळेतलं आहे, आता बदलायला जागा नाही.

हे चौथं पुस्तक हिब्रूत. नानांना ती अक्षरं प्रार्थनेपुरती वाचता येत. अर्थ लागत नसे. पण वाचल्याशिवाय गणित सुरू करायचं नाही, हा नियम. मग काय, सकाळी सातला पडवीतून शाब्दिक गणितं प्रार्थनेच्या चालीवर ऐकू येऊ लागली. नाना अक्षरांखाली बोट धरून, डोळे अर्धे मिटून, हेल काढत म्हणत. मधे आकडा आला की मराठीत, खणखणीत: "बहात्तर!" परत सूर. परत "आठ!" एस्तू तेवढे दोन आकडे उचलून चित्रावरून अंदाज बांधी आणि उत्तर काढी. मागच्या पानावरची उत्तरं पाहिली तर बरोबर असायचं. आमचे हे रात्रपाळीहून येऊन झोपायला बघत, त्यांना आधी वाटलं शेजारी काही धार्मिक आहे. त्यांनी आठ दिवस रेडिओ लावला नाही.

चार-पाच महिने गेले आणि रेचलचं पत्र थेट मला आलं. अक्षर सुरेख, मराठी शाळेतलं. "बाई, नाना विचारलं की 'चाललंय' एवढंच लिहितात. दोन वर्षं होत आली. तुम्ही शिक्षिका आहात, तुम्ही स्वतः बघा आणि पुस्तक कुठवर आलंय ते मला कळवा. मी एस्तूचा पलंग केव्हाचा घालून ठेवला आहे."

मी संध्याकाळी गेले. पुस्तक मागितलं. नानांनी दिलं. मोरपिसाची खूण घातलेली होती. मी मांडीवर घेऊन पुस्तक उघडलं. खूण सुरुवातीलाच, दहाबारा पानांवर. पुढे सगळा जाड गठ्ठा बाकी. एकोणीस वर्षांच्या अनुभवाने मी मान हलवली आणि म्हटलं, "नाना, अहो ही तर सुरुवातच आहे." नाना माझ्याकडे बघत राहिले. मग आत गेले आणि कुठल्याशा नवसाचा मलिदा केलेला होता, त्याची बशी भरून आणली. गोड पोहे, वर खोबरं, केळ्याचे काप, खजूर. खा म्हणाले, अजून घ्या म्हणाले. एवढा आग्रह त्यांनी कधी केला नव्हता. तपासणीला आलेल्या बाईंचा मान, असं समजून मी दोनदा घेतलं.

घरी येऊन पत्र लिहिलं: जेमतेम दहाबारा पानं झाली आहेत, अजून बराच अवकाश आहे, क्षमस्व.

तीन आठवड्यांनी एस्तू आली. हातात पुस्तक. आईचं नानांना पत्र आलं होतं, ते तिने वाचलं होतं. बाई म्हणतात तर मग राहू दे पुढल्या उन्हाळ्यापर्यंत, असं त्यात होतं.

"बाई, तुम्ही मम्मीला चुकीचं लिवलंत," ती म्हणाली. दोन वर्षांत तिची बोली पुरती आमच्यासारखी झाली होती. तिने पुस्तक माझ्यासमोर ठेवलं, पण उपडं. जो मी मागचा पुठ्ठा समजले होते त्यावरच नाव होतं, चित्र होतं. "हे हिकडून चालू होतं. आमचं संपत आलंय. तीन धडे ऱ्हायलेत."

ते लोक उजवीकडून लिहितात हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. नानांचं प्रार्थनेचं पुस्तक मी कैकदा पाहिलेलं होतं. पण पुस्तक हातात आलं की चौथीच्या बाईंचा हात डावीकडूनच उघडणार. आणि नाना समोर बसून बघत होते. एक शब्द बोलले नाहीत, वर मला मलिदा खाऊ घातला.

मग मला ते तीन धडे ऐकू आले. तीन धडे राहिलेत. पहिल्या पुस्तकाचे तीन राहिले होते. आण्यांच्या पुस्तकाचे तीन राहिले होते. पट्टीचा धडा कितवा होता हे आठवायला मला फार डोकं चालवावं लागलं नाही. पाणी कुठे मुरत होतं ते माझ्या तेव्हा ध्यानात आलं. दोन वर्षं मी ते विनोद म्हणून सांगत फिरत होते. मला माझीच लाज वाटली.

एस्तूला मी विचारलं, की नानांनी मुद्दाम थांबवलं हे तुला कधीपासून माहीत आहे? ती म्हणाली, फणसापासून.

मी तशीच तणतणत नानांकडे गेले. भांडायचंच ठरवून. ते पडवीत बसून साखळीच्या कड्यांना तेल लावत होते. मी म्हटलं, मला खोटं लिहायला लावलंत तुम्ही. तिकडे एक आई पलंग घालून बसली आहे.

नानांनी तेलाचं फडकं खाली ठेवलं.

"मी खोटं बोललो नाय, बाई. गप्प ऱ्हायलो," ते म्हणाले. मग साखळी गोळा करत, "पुस्तक संपलं की पोर जाते. मंग सकाळी सात वाजता मी काय करू? तुम्हीच सांगा."

भांडायला म्हणून गेलेली मी त्यांच्या पायरीवर बसले. खूप वाईट वाटलं. शेवटी म्हटलं, पत्र दुरुस्त करून पाठवावं लागेल. ते म्हणाले, "तुम्ही नका लिवू. चूक माझी हाय, मी लिवतो. पण आधी रीतसर काम पुरं करू."

रीतसर म्हणजे काय ते गुरुवारी कळलं. एस्तू एक कागद घेऊन आली. जमिनीची मोजणी असली की लगतच्या जमीनवाल्यांना नोटीस जाते, ते हजर नसतील तर मोजणी धरत नाहीत. तशी ती नोटीस होती, नानांच्या ठसठशीत अक्षरात. रविवारी सकाळी नऊ वाजता चौथीच्या गणिताचा शेवटचा धडा होईल, तरी लगतचे शेजारी या नात्याने समक्ष हजर राहावे, गैरहजर राहिल्यास हरकत नाही असे समजून काम पुरे करण्यात येईल. खाली पोचल्याची सही करायला जागा. मी सही करून दिली.

गुरुवारी आणि शुक्रवारी त्यांनी दोन धडे उरकले. सूर लावून, पण सावकाश.

रविवारी मी गेले. नानांनी कचेरीतला कोट घातला होता. एस्तूच्या वेण्यांना नव्या रिबिनी. त्यांनी शेवटच्या धड्याचं पान उघडलं. पाच गणितं होती. चार तिने भराभर केली, नानांनी एकेक तपासून बरोबरची खूण केली. पाचवं त्यांनी फार वेळ वाचलं. शेवटची ओळ दोनदा म्हटली. आकडे दोनच होते: एकशे चव्वेचाळीस आणि सहा. चित्रात सहा टोपल्या.

एस्तूने लिहिलं, तेवीस.

नाना म्हणाले, "परत कर." तिने खोडलं, भागाकार मांडला, आणि परत तेवीस लिहिलं.

जिला दिडकी वेणी घालताना येत होती, ती पोर. मी तोंड उघडणार होते, नानांनी हात वर करून मला थोपवलं. "अजून एकदा," ते म्हणाले. तिने तिसऱ्यांदा मांडलं. पेन्सिल इतकी दाबून धरली होती की टोक मोडलं. मोडक्या टोकाने तिने तेवीस लिहिलं आणि वही नानांच्या पुढे सरकवली. मान खाली.

गणित चुकलं तर धडा पुरा होत नाही. धडा पुरा झाला नाही तर पुस्तक संपत नाही. हे तिला आम्हा दोघांपेक्षा आधीपासून कळत होतं.

नाना त्या आकड्याकडे बघत बसले. त्यांच्या हातातलं पेन कागदाच्या वर नुसतं धरलेलं होतं. मग त्यांनी ते टेकवलं आणि तेवीसच्या पुढे, नेहमीसारखी ठळक, बरोबरची खूण केली.

एस्तूने मान वर केली. "नाना, ते चूक हाय."

"व्हय गो," नाना म्हणाले. "चूकच हाय. जा आता आईकडं."

त्यांनी पानाखाली तारीख घातली, सही केली आणि पेन माझ्या हातात दिलं. मी सही केली. एस्तूने सगळ्यात शेवटी केली, आणि पेन तसंच हातात धरून ती नानांच्या कोटात तोंड खुपसून बसली.